बाळंतविडा आणि विणकामाच्या सुया

महोत्सवी अंकांत धर्मग्रामाचा इतिहास लिहावयाचा म्हणजे मंदिर केव्हां बांधलें, घंटा कोठून आली, कोणकोणते धर्मगुरु येऊन गेले हें क्रमानें सांगावें, अशी रूढि आहे. तें काम या अंकांत अन्यत्र झालेंच आहे. मला अशा एका वस्तूविषयीं लिहावयाचें आहे कीं, जिची नोंद आमच्या स्नानसंस्काराच्या वहींत सांपडत नाहीं. त्या वहींत बालकाचें नांव, आईबापांचीं व धर्ममातापित्यांचीं नांवें, तिथि आणि धर्मगुरूची सही असते. परंतु मस्तकावर पाणी घालण्यापूर्वी जें टोपडें काढून बाजूस ठेवतात तें कोणीं विणलें, केव्हां विणलें, हें कोठेंही लिहिलेलें नसतें.

बाळंतविडा हा शब्द आपल्या घरांत जुना आहे. झबलें, टोपडें, कुंची, दुपटें, आणि ऐपत असेल तर बाळंतिणीस लुगडें-चोळी. यांतील बहुतेक वस्तु शिवलेल्या असत, आणि त्याही नव्या कापडाच्या असत असें नाहीं. आजीच्या धुवून धुवून मऊ झालेल्या लुगड्याचें दुपटें तान्ह्याच्या अंगास जितकें सुखावह, तितकें दुकानांतलें नसे. सुयांवर विणलेलें टोपडें व मोजे हे या विड्यांत फार मागाहून आले.

आपल्या शेजारींच असलेल्या अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यांत हारीतीची मूर्ति आहे. ती पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांतील मानितात. बालकांची रक्षणकर्ती म्हणून बौद्धजन तिला मानीत. तिच्या मांडीवर मूल आहे, आणि खालच्या पट्टींत मुलांची शाळा कोरलेली आहे. पुढचीं मुलें गुरुजींच्या छडीच्या धाकांत आहेत आणि मागचीं मेंढे झुंजविण्यांत दंग आहेत. बाजूच्या भिंतींवर स्त्रिया भेटी घेऊन येतांना रंगविल्या आहेत. आमचा धर्म निराळा असला तरी मूल सुखरूप राहावें म्हणून कांहीं तरी हातीं घेऊन जाणाऱ्या त्या स्त्रिया मला परक्या वाटत नाहींत. मात्र त्यांच्या अंगावरील तलम वस्त्रें मागावरचीं आहेत. मराठींत ‘विणणें’ हें एकच क्रियापद दोन्ही कामांस लागतें, म्हणून येथें भेद सांगितला पाहिजे. मागावर उभा व आडवा असे दोन धागे लागतात आणि माग जागचा हलत नाहीं. सुयांवरचें काम एकाच धाग्याच्या फासांचें. तें पिशवींत मावतें, कोणत्याही टाक्यावर थांबवितां येतें, आणि उसवलें तर तोच धागा पुन्हां उपयोगीं पडतो. थोरल्याचा आंखूड झालेला स्वेटर धाकट्याचें टोपडें होतो, तो असा.

या विद्येचे जुन्यांत जुने नमुने मिसर देशांत मिळाले आहेत. सुमारें आठशें-हजार वर्षांपूर्वीचे ते निळे-पांढरे मोजे आहेत, आणि ते लोकरीचे नसून सुती आहेत, हें कापसाच्या मुलखांतल्या वाचकांस ऐकून बरें वाटेल. पुढें ही विद्या युरोपांत गेली आणि चौदाव्या शतकांत चित्रकारांनीं ती चक्क पवित्र मरियेच्या हातीं दिली. सुमारें १३४५ सालीं इटलींतील अम्ब्रोजो लोरेंझेत्ती यानें, आणि सुमारें १४०० सालीं जर्मनींतील मास्टर बर्ट्राम यानें तिला विणतांना रंगविलें. बर्ट्रामचें चित्र हांबुर्ग येथें आहे. मरिया चार सुयांवर बाळ येशूचा सदरा गोल विणीत आहे. जवळच बाळ पुस्तक उघडून पडला आहे आणि देवदूत क्रूस व खिळे घेऊन उभे आहेत. योहानाच्या शुभवर्तमानांत क्रूसाखालीं सैनिकांनीं चिठ्ठ्या टाकून घेतलेला जो बिनशिवणीचा झगा आहे, त्याची ही पूर्वसूचना, असें पंडित सांगतात. सेमिनरींत त्या झग्याचा गूढार्थ आम्ही पुष्कळ घोकला. पण आईच्या हातांत काम आहे आणि नजर मुलाकडे आहे, ही साधी गोष्ट आम्हांस कोणीं दाखविली नाहीं.

आपल्या प्रांतांत हें विणकाम एकोणिसाव्या शतकांत मिशनच्या व धर्मभगिनींच्या शाळांतून, शिवणाच्या तासाला, मुलींच्या हातीं आलें. पुण्याच्या सेवासदनानें १९०९ पासून स्त्रियांस शिवणकामादि उद्योग शिकविले. आज बाजारांत लोकर म्हणून जी मिळते ती बहुधा मेंढीची नसतेच. पण थंडींत बाळाचे कान झांकले म्हणजे झालें.

आतां आपल्या मंडळींच्या कामाकडे पाहूं. दसरा-दिवाळीपासून अजिंठा-सिल्लोडच्या शिवारांत कापूस वेंचणी चालते आणि ती मुख्यत्वें स्त्रियांच्या हातानें चालते. वाळल्या बोंडाचीं टोकें बोटांत शिरतात. बांधावरच्या बाभळीला झोळी टांगलेली असते. बाळंतपणाच्या रजेचा कायदा मुंबई प्रांतांत १९२९ सालीं झाला. आदल्या वर्षीं डॉ. आंबेडकरांनीं विधिमंडळांत त्या विधेयकाचा पुरस्कार केला होता. परंतु तो कारखान्यांतील स्त्रियांपुरता होता, आणि आपला मुलूख तर १९४८ पर्यंत निजामाच्या अंमलाखालीं. सबंध देशाचा कायदा १९६१ सालीं झाला. २०१७ सालीं पहिल्या दोन अपत्यांसाठीं रजा २६ आठवड्यांची झाली. शिक्षिकेला, परिचारिकेला त्याचा लाभ झाला. वेंचणीवालीची मजुरी मात्र ती घरीं बसली कीं त्याच दिवशीं थांबते. २०१७ पासूनच्या मातृवंदना योजनेंत पहिल्या अपत्याला ₹५,००० ठरले. ते किती दिवस पुरतात याचा हिशेब वाचकांनींच करावा.

येथें मला माझा एक अपराध सांगितला पाहिजे. मी नवा धर्मगुरु असतांना, एका सायंकाळच्या सभेंत एक शिक्षिका बांकाखालीं हात ठेवून विणीत होत्या. त्यांचें मूल चार महिन्यांचें, आणि रजा नुकतीच संपलेली. मीं सर्वांदेखत म्हणालों, “बाई, हें देवाचें काम चाललें आहे, घरचें नव्हे.” त्यांनीं सुया पिशवींत ठेवल्या, शब्दही बोलल्या नाहींत. पुढें दोनेक आठवड्यांनीं एका वेंचणीवालीचें मूल स्नानसंस्काराला आलें. त्याचें निळें टोपडें मीं स्वतःच्या हातानें काढलें, आणि तो रंग ओळखला. चौकशी करतां कळलें कीं, बाई बसमध्यें, शाळेच्या मधल्या सुटींत, आपलें मूल मांडीवर निजलें असतां, पांच-दहा मिनिटें मिळतील तेव्हां तें विणीत होत्या. त्या हंगामांत त्यांनीं अशीं चार टोपडीं केलीं होतीं. एकही त्यांच्या स्वतःच्या मुलासाठीं नव्हतें.

मीं त्यांच्या घरीं जाऊन क्षमा मागितली. त्यांनीं चहा ठेवला आणि म्हणाल्या, “फादर, तुम्हीं थांबविलें ना, तेथेंच एक टाका गळला. मागाहून दोऱ्यानें अडकवून ठेवला, पण भोंक राहिलेंच.”

तें टोपडें पुढें आणखी दोन बालकांच्या डोक्यावर आमच्या मंदिरांत आलें. दोन्ही वेळां तें भोंक उजव्या कानाजवळ होतें.