मूल्य एक, रूपे अनेक

संगणकाच्या स्मृतीत साठविलेली संख्या आणि पडद्यावर माणसाला दिसणारी संख्या या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे प्रथमदर्शनी सहसा कोणाला पटत नाही. यंत्राच्या पोटात असतात त्या केवळ एक आणि शून्य यांच्या रांगा. आज्ञावलीत अशा एखाद्या रांगेला नाव दिले की ते चल होते आणि त्यात त्या क्षणी जे साठलेले असेल ते त्याचे मूल्य होय. हे मूल्य माणसाला वाचता यावे म्हणून त्याला अंक, दशांशचिन्ह, स्वल्पविराम आणि रकाना यांचे रूप द्यावे लागते. ते रूप कोणी ठरवावयाचे? प्रश्न दिसावयास क्षुल्लक आहे. परंतु संगणकभाषांच्या इतिहासात तो पुनःपुन्हा उपस्थित झाला आणि दर वेळी त्याचे उत्तर बदलत गेले.

१९५७ साली भारतात रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि आणे-पैंच्या जागी दशांशचिन्हापुढील दोन अंक आले. त्याच वर्षी अमेरिकेत जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनी आय. बी. एम. कंपनीच्या ७०४ या यंत्रासाठी फोर्ट्रान ही भाषा सिद्ध केली. तीत छपाईची मांडणी सांगण्यासाठी 'फॉरमॅट' नावाचे स्वतंत्र विधान होते. एफ हे अक्षर लिहून त्यापुढे १०.२ असे लिहिले, की संख्या दहा जागांच्या रकान्यात, दशांशचिन्हापुढे दोन अंक ठेवून छापली जाई. दिवाणजीने खतावणीचे रकाने आधी आखावेत आणि मग त्यांत रकमा भराव्यात, तसाच हा प्रकार. रूप ठरविण्याचा अधिकार येथे रकाने आखणाऱ्याकडे होता. मूल्याला त्यात काही बोलावयाचे नव्हते.

बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास घडविलेल्या सी भाषेने हीच रीत अधिक आटोपशीर केली. तिच्या 'प्रिंटएफ' या साधनाला मजकुराचा एक साचा द्यावयाचा. साच्यात जेथे मूल्य यावयाचे तेथे टक्क्याचे चिन्ह व प्रकार सांगणारे अक्षर लिहावयाचे. सोय मोठी होती, पण धोकाही तितकाच मोठा होता. साच्यात पूर्णांकाची खूण असावी आणि प्रत्यक्षात दशांश संख्या पुरविली जावी, तर मूळ भाषा तक्रार करीत नसे. भलताच आकडा मात्र छापला जाई. पुढे तर असे आढळले, की परक्या माणसाने पाठविलेली ओळच साचा म्हणून वापरली गेली, तर तिच्यातील खुणांच्या द्वारे यंत्राची स्मृती वाचता येते, इतकेच नव्हे तर तीत लिहिताही येते. २००० साली अनेक आज्ञावल्यांत हे भगदाड उघडकीस आले. मांडणीचा साचा हा निरुपद्रवी कागद नसून तीही एक आज्ञाच आहे, हा धडा त्यातून मिळाला.

दरम्यान दुसरी एक विचारधारा नॉर्वेमध्ये उगम पावली होती. ऑस्लो येथील नॉर्वेजियन संगणन केंद्रात ओले-योहान दाल आणि क्रिस्टेन निगार्ड यांनी १९६७ मध्ये सिम्युला भाषेला नवे स्वरूप दिले. मूल्ये आणि त्यांच्यावर करावयाच्या क्रिया यांची एकत्र गाठ बांधून 'ऑब्जेक्ट' तयार करावा, ही तिची मूळ कल्पना. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो केंद्रात अ‍ॅलन के, डॅन इंगाल्स आणि अडेल गोल्डबर्ग प्रभृतींनी स्मॉलटॉक भाषेत ही कल्पना शेवटास नेली. तेथे प्रत्येक ऑब्जेक्टला 'स्वतःला छाप' असा निरोप पाठविता येई. तारीख तारखेसारखी छापली जाई आणि आयत आपल्या कोपऱ्यांचे स्थान सांगे. ज्याला विशेष काही शिकविलेले नसे, तो निदान आपल्या वर्गाचे नाव सांगून मोकळा होई. अधिकार आता रकाने आखणाऱ्याकडून मूल्याकडे आला होता.

बेल प्रयोगशाळेतच ब्यार्ने स्ट्रॉस्ट्रुप यांनी सी भाषेच्या पायावर सी प्लस प्लस उभारली. ती १९८५ मध्ये बाजारात आली. प्रिंटएफमध्ये प्रकारांची खात्री नाही आणि आज्ञावलीकाराने स्वतः घडविलेल्या ऑब्जेक्टांना तेथे थारा नाही, या दोन उणिवा त्यांना खटकत होत्या. म्हणून त्यांनी प्रवाहाची योजना केली: प्रवाहाकडे तोंड केलेले दोन कोन लिहून मूल्य त्यात सोडावयाचे. मूल्याचा प्रकार भाषाच ओळखी आणि नव्या वर्गाचा कर्ता आपल्या वर्गाची छपाई स्वतः लिहू शके. परंतु या योजनेचीही एक खोड होती. प्रवाहाला एकदा षोडशमान पद्धतीची आज्ञा दिली, की ती मागे घेईपर्यंत पुढचे सारे पूर्णांक त्याच पद्धतीने बाहेर पडत. एकाने दिलेली आज्ञा विसरली जाई आणि तिचे फळ दुसऱ्याच आकड्याला भोगावे लागे.

१९९५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने जावा भाषा प्रसिद्ध केली. तीत प्रत्येक ऑब्जेक्टला 'टूस्ट्रिंग' ही क्रिया जन्मतःच मिळते. पण मूल्याने आपली ओळख सांगितली, तरी ती कोणत्या वाचकासाठी, हे त्याला कसे कळावे? एकच रक्कम अमेरिकन वाचकाला तीन-तीन अंकांच्या गटांत हवी, तर भारतीय वाचकाला लाख आणि कोटी यांच्या गटांत. १९९७ च्या जावात संख्यांच्या मांडणीसाठी खास वर्ग आला. पण त्याला गटाचे एकच माप कळत असे. नमुन्यात कितीही स्वल्पविराम द्या, शेवटचाच तेवढा प्रमाण मानला जाई. त्यामुळे १,००,००० हा आपला लाख १००,००० असा परक्या वेषात येई. सी प्लस प्लसच्या १९९८ च्या प्रमाणग्रंथात मात्र प्रथम तीन व नंतर दोन-दोन, असे गट सांगण्याची तरतूद होती. पुढे युनिकोड संघटनेच्या 'सीएलडीआर' या भांडारात भाषाभाषांचे असे संकेत नोंदले गेले. मराठीसाठी तेथे देवनागरी अंक आणि लाख-कोटींचे गट हेच मूळ मानले आहेत. बेळगावच्या किंवा इंदूरच्या वाचकाला आपली रक्कम आपल्या वळणाने वाचावयास मिळणे, ही नुसती शोभेची बाब नव्हे. शून्ये मोजताना होणारी चूक त्यामुळे टळते.

अखेर दोन्ही विचारांचा मेळ पायथन भाषेत बसला. २००८ मध्ये तिने अशी रीत स्वीकारली, की महिरपी कंसातील सूचना थेट ऑब्जेक्टच्या हाती द्यावी आणि तिचा अर्थ त्यानेच लावावा. 'दोन दशांश अंक' ही सूचना संख्येला समजते, 'आधी दिवस, मग महिना' ही तारखेला. २०१६ मध्ये चलाचे नाव मजकुरातच लिहिण्याची सोय तीत झाली. सी प्लस प्लसने २०२० च्या प्रमाणग्रंथात याच धर्तीची मांडणी घेतली आणि साचा व मूल्य यांचा मेळ आज्ञावली चालण्यापूर्वीच तपासण्याची व्यवस्था केली.

हा विवेक सुटला म्हणजे काय होते, हे कॅनडातील व्हँकुव्हर शेअर बाजाराने दाखविले. १९८२ मध्ये तेथील निर्देशांक १००० वर सुरू झाला. दर गणनेनंतर तो तीन दशांशांपर्यंत ठेवून उरलेले अंक छाटले जात आणि छाटलेलेच मूल्य पुढच्या गणनेत घेतले जाई. १९८३ च्या नोव्हेंबरपर्यंत निर्देशांक सुमारे ५२५ वर घसरला. नीट हिशेब केला तेव्हा तो सुमारे १०९९ निघाला. तीन दशांश दाखविणे गैर नव्हते. दाखविण्यापुरते छाटलेले रूप हेच मूल्य मानणे गैर होते. मूल्य यंत्रात अखंड राहावे, त्याची ओळख ऑब्जेक्टने सांगावी आणि त्याचे रूप वाचकाची गरज पाहून ठरावे. एवढी साधी वाटणी मान्य होण्यास अर्धशतकाहून अधिक काळ जावा लागला.