चित्राचा बारीकपणा आणि डोळ्याची मर्यादा

कल्याणहून निघालेली आगगाडी नेरळ व कर्जत मागें टाकून बोरघाट चढते आणि लोणावळ्यापलीकडे मळवलीस पोंचते. चित्र अधिकाधिक रेखीव करण्याच्या मानवी हौसेचा सव्वाशें वर्षांहून अधिक काळाचा इतिहास या एकाच मार्गाच्या कांठीं पाहावयास मिळतो. अतिसूक्ष्म ठिपक्यांचा, भारी किंमतीचा दूरचित्रवाणीसंच घरीं आणावा कीं नाहीं, हा आजच्या कुटुंबांपुढील प्रश्न या इतिहासाच्या आधारें सोडवितां येईल असें मला वाटतें.

कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनीं १८९२ च्या सुमारास ‘शांबरिक खरोलिके’चे खेळ सुरू केले. कांचेवर हातानें रंगविलेलीं रामायण-महाभारतांतील चित्रें ते दिव्याच्या प्रकाशानें पडद्यावर पाडीत. आतां समजा, तीन इंचांची कांच दहा फुटांच्या पडद्यावर पाडली, तर चित्र चाळीस पट वाढतें आणि पाव मिलिमीटरची चूक एक सेंटिमीटरची होऊन दिसते! अर्थात् तेथें कुंचल्याचा बारीकपणा ही चैन नव्हती, ती गरज होती.

मार्गाच्या दुसऱ्या टोंकास, मळवलीस, राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना होता. १८९४ सालीं मुंबईस निघालेला हा छापखाना पुढें येथें आला. प्रत्येक रंगास निराळी शिळा लागे व छटा बारीक ठिपक्यांनीं साधीत. देवघरांतील लक्ष्मीच्या चित्राला भिंग लावलें म्हणजे हे ठिपके दिसूं लागतात. परंतु हात जोडून उभ्या राहिलेल्या भक्तास ते दिसत नाहींत, आणि तेवढ्यानें छापणाराचें काम साधतें.

या दोन टोंकांच्या मध्यें कर्जत व खालापूर हे तालुके येतात. येथें कर्जत-चौक परिसरांत कलादिग्दर्शक नितीन देसाई यांनीं २००५ सालीं चित्रपटनिर्मितीसाठीं स्टुडिओ उभारला. ‘जोधा अकबर’ या २००८ च्या चित्रपटासाठीं तेथें आग्र्याच्या किल्ल्याचा देखावा बांधण्यांत आला होता. कॅमेऱ्याची नजर जितकी तीक्ष्ण, तितकें प्लास्टरचा दगड खरा भासविणें कठीण. म्हणजे बारीकपणाचा पहिला भार कारागिरावर पडतो. खालापूर तालुक्यांत २०१३ सालीं उघडलेल्या इमॅजिका उद्यानांत प्रचंड पडद्यावर भारतदर्शन घडवितात. प्रेक्षकाची सारी दृष्टि पडद्यानें व्यापली म्हणजे बारीक ठिपक्यांचें मोल उघड दिसतें.

मग दिवाणखान्याचें काय? निरोगी डोळा सामान्यतः एका अंशाच्या साठाव्या भागाइतकें अंतर ओळखतो. नागफणीच्या सुळक्यावर मीटरभर अंतरानें दोन माणसें उभीं असलीं, तर साडेतीन किलोमीटरांवरून तीं वेगळीं दिसणें कठीण. याच हिशेबानें तीन मीटरांवरून सुमारें ०.८७ मिलिमीटरपेक्षां लहान भेद दिसत नाहीं. पासष्ट इंची संच सुमारें १४४ सेंटिमीटर रुंद असतो. त्यावर आडवे १,९२० ठिपके असले तर एक ठिपका ०.७५ मिलिमीटरचा होतो, म्हणजे आधींच मर्यादेच्या आंत! ३,८४० ठिपक्यांच्या ‘फोर-के’ संचाचा बारीकपणा पुरता कळण्यास सुमारें १.३ मीटरांवर बसावें लागेल. ७,६८० ठिपक्यांच्या ‘एट-के’ संचासाठीं तर ६५ सेंटिमीटरांवर! तरुण, तीक्ष्ण डोळ्यांस याहून कांहींसें अधिक दिसतें, हें खरें. तरी फरक फार मोठा नव्हे.

‘एट-के’च्या एका चित्रांत सुमारें ३ कोटी ३२ लक्ष ठिपके असतात, म्हणजे ‘फोर-के’च्या चौपट. जपानच्या एनएचके संस्थेनें १ डिसेंबर २०१८ रोजीं असें नियमित प्रक्षेपण सुरू केलें. तेव्हां गोष्ट अशक्य नाहीं. क्ष-किरणचित्र तपासणारा वैद्य किंवा नकाशावर वांकलेला अभियंता पडद्याजवळ बसतो. त्याला हा बारीकपणा खरोखर उपयोगी आहे. परंतु तीन मीटरांवर बसणाऱ्या कुटुंबानें न दिसणाऱ्या ठिपक्यांसाठीं पैसे कां मोजावे? त्यापेक्षां काळ्या-पांढऱ्याचा उठाव आणि रंगांचा खरेपणा पाहावा. ते दुरूनही दिसतात.

पटवर्धनांनीं पडदा पाहून कुंचला बारीक केला, तर मळवलीच्या कारागिरांनीं भक्ताचें अंतर जाणून ठिपका योजला. आपणही दुकानांत जाण्यापूर्वीं घरांतील खुर्चीपासून भिंतीपर्यंतचें अंतर फितीनें मोजून घ्यावें, हें बरें.