रक्तनमुन्यातील ओळखचूक

रक्ताधानापूर्वी गट व जुळणी तपासण्यासाठी घेतलेल्या नळीवर भलत्याच रुग्णाचे नाव लागणे. ही चूक प्रयोगशाळेला सहसा दिसत नाही. नळीतल्या रक्ताचा गट ती बरोबर सांगते. ते रक्त कोणाचे, यासाठी मात्र तिला चिठ्ठीवरच विसंबावे लागते. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये गट वेगळे करून दाखवल्यापासून न जुळणाऱ्या रक्ताचा परिणाम ठाऊक आहे : बी गटाच्या रुग्णाला ए गटाचे रक्त चढले की दात्याच्या तांबड्या पेशी फुटतात, हुडहुडी भरते, कंबर दुखते, लघवी लाल होते. मूत्रपिंडे निकामी होऊन रुग्ण दगावूही शकतो.

चूक होते ती खाटेजवळ. नळ्यांवर आधीच नावे घालून ठेवलेली असतात, किंवा रक्त घेतल्यावर सिस्टरांच्या टेबलाशी जाऊन ती घातली जातात. “तुम्ही सुनीताबाई ना?” असे विचारले की गुंगीतली बाई “हो” म्हणते. म्हणून नाव सांगायचे नाही, विचारायचे. उत्तर मनगटपट्टी, आयपी (आंतररुग्ण) नंबर आणि मागणीपत्राशी ताडायचे. रक्त घेतल्यावर तिथेच, खाट सोडण्यापूर्वी, नळीवर नाव, तारीख, वेळ व सही घालायची.

सांताक्रूझ पूर्वेतील वाकोल्यासारख्या दाट वस्तीत नावांचा घोळ वेगळाच. महापालिकेचे व्ही. एन. देसाई रुग्णालय याच भागातले. बाकी छोटी नर्सिंग होम. मुंबईत रक्तपेढी नसलेल्या नर्सिंग होममधून नळी आणि मागणीपत्र पुष्कळदा नातेवाईकच घेऊन धावतो. जुन्या केसपेपरवर माहेरचे नाव, नव्यावर सासरचे. वय अंदाजाने टाकलेले. नवजाताला तर नावच नसते, पट्टीवर ‘बेबी ऑफ’ आणि आईचे नाव. जुळी असली की एक-दोनचा आकडा एवढाच फरक. अक्षराचाही फरक दिसला तर पेढीने खाडाखोड करू न देता नवा नमुना मागवावा. नातेवाइकाला पुन्हा हेलपाटा पडतो, तो चिडतो; तरी हेलपाटा पडू द्यावा.

पेढीत रुग्णाच्या गटाची जुनी नोंद नसेल तर दुसरा नमुना घेतात, तो वेगळ्या वेळी आणि शक्यतो वेगळ्या हाताने. एकाच टोचणीत दोन नळ्या भरून एक मागाहून पाठवणे ही निव्वळ फसवणूक. वाहन परवान्यावरचा गट तर पुरावाच नव्हे.

देशात १० डिसेंबर २०१२ पासून हिमोव्हिजिलन्स कार्यक्रम आहे. त्यात नोएडाची राष्ट्रीय जैविक संस्था रक्ताधानातील दुष्परिणामांच्या नोंदी गोळा करते.

मुंबईला आणखी एक सावधगिरी लागते. डॉ. वाय. एम. भेंडे व सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये वर्णिलेला ‘बॉम्बे’ गट नेहमीच्या तपासणीत ओ वाटतो, पण ओ गटाच्या कोणत्याच पिशवीशी जुळत नाही. असे दिसले तरी पेढी आधी खाटेजवळून ताजा नमुना मागवते, दुर्मीळ दात्याला फोन त्यानंतर.