थंडीत गोड होणारा बटाटा

घरी तळलेले बटाट्याचे काप कधीकधी सोनेरी होण्याआधीच तपकिरी पडतात आणि कडवट लागतात. दोष तेलाला किंवा आचेला दिला जातो. बहुतेक वेळा कारण त्याहून जुने असते. तो बटाटा त्यापूर्वी कोठे आणि किती थंडीत ठेवला होता, यात ते दडलेले असते.

जमिनीतून काढलेला बटाटा जिवंत असतो, त्याचे श्वसन चालू असते. तापमान बराच काळ १० अंश सेल्सिअसच्या खाली राहिले, की त्यातील स्टार्चपासून सुक्रोज तयार होते आणि इन्व्हर्टेज हे विकर त्याचे ग्लुकोज व फ्रुक्टोजमध्ये विघटन करते. थंडीतल्या या गोडीचा अभ्यास हेर्मान म्युलर-थुर्गाउ या स्विस शास्त्रज्ञाने १८८२ मध्ये प्रसिद्ध केला. शर्करा आणि अमिनो आम्ले एकत्र तापवल्यास तपकिरी द्रव्ये बनतात, हे फ्रान्सच्या लुई कामीय मायार यांनी १९१२ मध्ये दाखवले. कढईत या दोन्ही गोष्टींची गाठ पडते.

भारतात हा प्रश्न अधिक बिकट झाला तो ऋतुचक्रामुळे. युरोपात बटाटा शरद ऋतूत निघतो आणि पुढचा हिवाळा त्याची राखण करतो. गंगेच्या मैदानात तो जानेवारी ते मार्चमध्ये निघतो आणि लगेच कडक उन्हाळा सुरू होतो. सडणे व कोंब फुटणे टाळण्यासाठी २ ते ४ अंशांचे शीतगृह अपरिहार्य ठरले. भाजीसाठी ते सोयीचे होते, वेफर्ससाठी मात्र घातक.

केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९४९ मध्ये पाटण्यात सुरू झाली आणि १९५६ मध्ये सिमल्याला गेली. आरंभीच्या दशकांत तिच्यापुढे उत्पादनवाढ आणि करपा रोग हे प्रश्न होते. १९६८ चा ‘कुफरी ज्योती’ हा वाण त्याच काळातला. पुढे वेफर्सचा उद्योग वाढला, तेव्हा वेगळ्या बटाट्याची गरज भासू लागली. त्यात शर्करा कमी हवी, म्हणजे रंग फिका राहील. आणि घन पदार्थ अधिक हवा, म्हणजे काप कमी तेल पितील. १९९८ मध्ये ‘कुफरी चिप्सोना-१’ आणि ‘कुफरी चिप्सोना-२’ हे वाण आले. त्यांच्या जोडीला साठवणीची नवी रीत आली: तापमान १० ते १२ अंश आणि कोंब रोखण्यासाठी क्लोरप्रोफाम.

चार वर्षांनी या संशोधनाला आणखी एक अर्थ लाभला. तळलेल्या बटाट्यात ॲक्रिलामाइड असते, असे स्वीडनमधील संशोधकांनी २००२ मध्ये जाहीर केले. ॲस्परजिन हे अमिनो आम्ल आणि शर्करा साधारण १२० अंशांच्या वर एकत्र आल्यास ते बनते, आणि प्राण्यांवरील प्रयोगांत ते कर्ककारक ठरले आहे. तपकिरी रंगाचा प्रश्न आता केवळ रूपाचा उरला नाही.

मग फ्रीझरमध्ये ठेवलेले फ्रेंच फ्राइज का बिघडत नाहीत? कारण तेथे जाणारा बटाटा जिवंत नसतो. उकळत्या पाण्यातून काढताना त्यातील विकरे निष्क्रिय होतात आणि थोडी शर्कराही पाण्यात उतरते. अर्धवट तळताना वरचा ओलावा जातो. उणे १८ अंशांना रासायनिक क्रिया जवळजवळ थांबतात. काप गार करून, पातळ थरात पसरून त्वरेने गोठवावेत. संथ गोठणीत बर्फाचे मोठे स्फटिक पेशींच्या भिंती फोडतात आणि काप मऊ पडतो. मात्र आधीच मुरलेली गोडी गोठवण्याने जात नाही. म्हणूनच या कामासाठीही लांबट, कमी शर्करेचा स्वतंत्र वाण लागला. ‘कुफरी फ्रायसोना’ २००९ मध्ये आला.

हा इतिहास अजून संपलेला नाही. युरोपीय संघाने २०१९ मध्ये क्लोरप्रोफामच्या मान्यतेचे नूतनीकरण नाकारले. कोंब रोखणाऱ्या रसायनांवर मर्यादा येतील, तसे थंड साठवणीचे महत्त्व वाढेल. तेव्हा २ ते ४ अंशांच्या शीतगृहात महिनोन् महिने राहूनही गोड न होणारा बटाटा, हेच पैदासकारांपुढचे खरे आव्हान आहे.