देहाच्या उबेची वीज

१८२१ साली बर्लिन येथे टोमास योहान झेबेक याने दोन निरनिराळ्या धातूंचे एक कडे केले. कड्याचा एक सांधा तापविताच जवळची चुंबकसूची हलली. उष्णतेने धातू चुंबक बनतात, असा निष्कर्ष त्याने काढला; इतकेच नव्हे, तर पृथ्वीच्या चुंबकत्वाचे मूळही त्यातच शोधले. सुई हलविणारी खरी शक्ती म्हणजे कड्यातून वाहणारी वीज, हे कोपनहेगनच्या एर्स्टेडने ओळखले. झेबेकला ते मान्य झाले नाही. तरी या परिणामाला नाव मिळाले ते झेबेकचेच!

पुढे शंभर वर्षे या शोधाचा उपयोग प्रामुख्याने तापमान मोजण्याकडेच झाला. अडचण धातूंच्या स्वभावात होती. जो धातू वीज सुखाने वाहू देतो तो उष्णताही तितक्याच सुखाने वाहू देतो. मग गरम आणि थंड टोकांतला भेद मावळतो, आणि भेद नाही तेथे वीज नाही. लेनिनग्राडच्या अब्राम योफे यांनी धातू सोडून अर्धसंवाहकांची कास धरली. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत खेड्यांतून रॉकेलच्या दिव्यावर बसविलेल्या अशा जोडण्यांनी रेडिओ चालू लागले. एकाच ज्योतीने घरात उजेड द्यावा आणि दूरचा आवाजही आणावा, हे चित्र आकाशवाणीवरून बोलणाऱ्याला विशेष प्रिय वाटले तर नवल नाही.

दिव्याची जागा मनुष्यदेहाने घ्यावी, ही त्यापुढची पायरी. १९९८ साली सैको कंपनीने मनगटाच्या उबेवर चालणारे घड्याळ विक्रीस आणले. अशा कामी वापरले जाणारे बिस्मथ टेल्युराइड मात्र ठिसूळ असते. घड्याळाच्या डबीत ते सुरक्षित राहील. सदऱ्याच्या बाहीत शिवले तर कोपर वाकताच तडकेल.

येथे बहुवारिके, म्हणजे पॉलिमर, उपयोगी पडतात. योग्य द्रव्याचा अंश मिसळल्यास ती वीज वाहू शकतात, हे शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी १९७७ साली दाखविले. २००० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बहुवारिक वाकते आणि मुळातच उष्णता अडवते. परंतु विद्युत्‌भार वाढवीत गेले, की दर अंशामागे मिळणारा दाब घटतो. म्हणून त्यात कार्बनच्या सूक्ष्म नलिका किंवा अर्धसंवाहकाचे कण मिसळून संमिश्रे करतात. नलिकांच्या सांध्यांतून वीज पुढे सरकते. उष्णतेची कंपने मात्र तेथे पुष्कळशी विखुरतात.

इतके साधूनही एक हट्टी अडचण उरते. त्वचा तेहतीस अंशांची आणि खोली पंचवीस अंशांची असली, तरी त्या आठ अंशांतला बहुतेक भाग त्वचेच्या सांध्यात आणि बाहेरच्या हवेच्या थरात खर्ची पडतो. पातळ पट्टीच्या वाट्याला जेमतेम एखादा अंश येतो, आणि वीज मिळते ती मायक्रोवॅटांच्या हिशेबात. रुग्णाची नाडी मोजणाऱ्या लहानशा यंत्राची बॅटरी वाचवावयाची, तर द्रव्य सुधारण्याबरोबरच पट्टीची जाडी वाढविणे, ती अंगाला घट्ट चिकटविणे आणि तिची बाहेरची बाजू थंड राखणे, ही शिंप्याच्या जातीची कामेही करावी लागतात.