मुंबईतील गिरणी कामगारांच्या सेवाशर्ती

मुंबईतील कापड गिरण्यांमधील कामगारांचे कामाचे तास, वेतन, रजा व अन्य लाभ यांचे नियमन करणारे कायदे, करार आणि प्रथा यांचा या लेखात आढावा घेतला आहे. कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या गिरणीपासून हा उद्योग मुंबईत रुजला.

कामाचे तास
प्रारंभी गिरण्या पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत चालत. १८८१ च्या कारखाना कायद्याने केवळ बालकामगारांचे तास मर्यादित केले. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८८४ मध्ये परळ येथे कामगारांची सभा झाली. रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार आणि अपघातात भरपाई या तिच्या प्रमुख मागण्या होत्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुट्टी मान्य केली. प्रौढ पुरुषांच्या कामाची कमाल मर्यादा १९११ मध्ये १२, १९२२ मध्ये ११, १९३४ मध्ये १० आणि १९४६ मध्ये ९ तास झाली. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने दिवसाला ९ व आठवड्याला ४८ तासांची मर्यादा कायम ठेवली.

वेतन
विणकरांना कामाच्या मापावर, तर इतर अनेकांना मासिक वेतन मिळे. विणताना बिघडलेले कापड विणकराच्या गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून कापून घेतली जाई. १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाने दंड व कपातीवर निर्बंध आणले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात महागाई भत्ता राहणीमान निर्देशांकाशी जोडण्यात आला. १९४७ मध्ये औद्योगिक न्यायालयाने अकुशल कामगाराचे किमान मूळ वेतन दरमहा ३० रुपये ठरवले.

सामाजिक सुरक्षा
मुंबई प्रांतात १९२९ मध्ये प्रसूती लाभ कायदा झाला. पुढे राज्य विमा (१९४८), भविष्यनिर्वाह निधी (१९५२), बोनस (१९६५) व उपदान (१९७२) यांविषयीचे कायदे लागू झाले.

बदली कामगार
कायम कामगार गैरहजर असल्यास त्याच्या जागी रोजंदारीने घेतल्या जाणाऱ्यास ‘बदली’ म्हणत. बदली कामगार पाळी सुरू होताना गिरणीच्या दारात हजर राही; काम न मिळाल्यास त्या दिवसाचे वेतन बुडे. पूर्वी ही निवड जॉबरच्या मर्जीवर अवलंबून असे. भरपगारी वार्षिक रजेसाठी कायद्याने वर्षात २४० दिवसांचे काम आवश्यक ठरवले होते. ही अट पूर्ण न झाल्यास, अनेक वर्षे त्याच गिरणीत राबूनही, बदली कामगारास ही रजा मिळत नसे. लाभ कायद्यात असले, तरी ते हाती पडणे हजेरीपटावरील दिवसांवर ठरे.

१९८२ चा संप व नंतर
डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. वेतनवाढ, बदली कामगारांना कायम करणे आणि एकाच मान्यताप्राप्त संघटनेला वाटाघाटीचा अधिकार देणारा १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करणे, या मागण्या होत्या. संप औपचारिकरीत्या कधीच मागे घेतला गेला नाही. असंख्य कामगारांच्या नोकऱ्या गेल्या आणि कालांतराने बहुतेक गिरण्या बंद पडल्या. गिरण्यांच्या जमिनीवर बांधलेल्या घरांसाठी म्हाडाने २०१२ मध्ये सोडत काढली.