मोडलेला नेम आणि अन्नाची वही

उज्जैनच्या फ्रीगंज भागातील टावर चौकाला नाव मिळाले ते तिथल्या घंटाघरामुळे. संध्याकाळनंतर मात्र हा चौक ओळखला जातो तो खाण्याच्या गाड्यांमुळे. पाणीपुरी, भेळ, तूप चोपडलेली कणसे आणि भुट्ट्याचा कीस यांच्या शेजारीच तिथे साबुदाण्याची खिचडी मिळते, आणि माळव्यात ही खिचडी एकादशी-शिवरात्रीची वाट पाहत नाही. ज्या पदार्थाला हिंदीभाषक 'फरियाली' आणि मराठीभाषक 'फराळी' म्हणतात, म्हणजे जो उपवासाला चालतो, तोच इथे उपवास नसताना जिभेच्या हौसेसाठी खाल्ला जातो. वजन उतरवण्यासाठी रोज खाल्लेल्याची नोंद ठेवणे, काही दिवसांनी ती सुटणे आणि ओशाळलेल्या मनाने ती पुन्हा सुरू करणे, ही सगळी मोबाइल ॲपच्या काळातील गोष्ट आहे, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात अन्न मोजण्याची, मोजणी मोडण्याची आणि मोडलेल्या ठिकाणाहून परत लागण्याची रीत बरीच जुनी असून, त्यांपैकी 'मोडण्या'चा विचार जुन्या धर्मशास्त्रकारांनी नंतरच्या आहारतज्ज्ञांपेक्षा कितीतरी आधी आणि अधिक तपशिलाने केलेला आढळतो.

या शहरात मराठी रीतीभाती रुजल्या त्या शिंद्यांच्या काळात. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात राणोजी शिंद्यांचा माळव्यात जम बसला, त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वराचे मंदिर पुन्हा उभारले, आणि १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरजवळच्या लष्कर येथे हलवीपर्यंत उज्जैन हे शिंदेशाहीचे मुख्य ठाणे राहिले. राजधानी गेली तरी मराठी कुटुंबे राहिली आणि त्यांच्याबरोबर त्यांचे पंचांगही राहिले. उत्तरेकडे महिना पौर्णिमेला संपतो, त्याला पूर्णिमान्त म्हणतात. महाराष्ट्रात तो अमावास्येला संपतो, त्याला अमान्त म्हणतात. त्यामुळे उज्जैनमधील हिंदीभाषक शेजाऱ्याचा श्रावण सुरू झाल्यावर पंधरा दिवसांनी मराठी घराचा श्रावण लागतो. महाकालाची सवारी केवळ श्रावणातील सोमवारीच नव्हे तर भाद्रपदातील सोमवारीही निघते, याचा संबंध या दुहेरी गणनेशी जोडला जातो. व्रताच्या दृष्टीने पाहता, एकाच गल्लीत श्रावण दोनदा सुरू होण्याची ही सोय मोठी मौजेची म्हणावी लागेल.

मराठी घरांतील आहारनियमांचा मुख्य काळ म्हणजे चातुर्मास, अर्थात आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंतचे चार महिने. श्रावणात पालेभाजी, भाद्रपदात दही, आश्विनात दूध आणि कार्तिकात द्विदल धान्ये, म्हणजे डाळी, वर्ज्य करावीत असा शास्त्रोक्त क्रम सांगितलेला असला, तरी लोकव्यवहारात प्रत्येक जण, विशेषतः घरातील स्त्रिया, आपापला 'नेम' धरीत. कोणी एकभुक्त राही, म्हणजे दिवसातून एकदाच जेवी. कोणी नक्त करी, म्हणजे दिवसभर न खाता रात्री जेवी. कोणी अळणी जेवी. आणि कोणी 'धरणे-पारणे' करी, म्हणजे एक दिवस उपवास आणि दुसऱ्या दिवशी जेवण असा क्रम चार महिने चालवी. हा शेवटचा प्रकार आज 'एकाआड एक दिवस उपवास' या नावाने वैद्यकीय चाचण्यांत तपासला जातो, तेव्हा त्याच्या जुन्या मराठी नावाची कोणाला आठवण होत नाही.

या नेमांत मोजले जाई ते जेवणाच्या वेळांना. अन्नाचे परिमाण मोजण्याची रीत प्रायश्चित्तांच्या प्रकरणात सापडते. मुनीने आठ घास, वानप्रस्थाने सोळा आणि गृहस्थाने बत्तीस घास खावेत, असे धर्मसूत्रांत सांगितले आहे. ब्रह्मचाऱ्याला मात्र मर्यादा नाही, यात वाढत्या वयाची जाण दिसते. चांद्रायण या प्रायश्चित्तात घासांची संख्या चंद्रकलेबरोबर रोज एकाने वाढते आणि कृष्ण पक्षात रोज एकाने उतरते, आणि घास किती मोठा असावा याबद्दल वाद होऊ नये म्हणून याज्ञवल्क्यस्मृतीने तो मोराच्या अंड्याएवढा ठरवून दिला आहे. त्याहून लक्षणीय आहे ती त्याच व्रताची सवलतीची रीत: महिन्याला एकूण दोनशे चाळीस घास, मग ते कोणत्या दिवशी किती घ्यायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. एका दिवशी जास्त खाल्ले गेले तर ते महिन्याच्या बेरजेत सामावून घ्यायचे, ही कल्पना आजचे आहारसल्लागार 'आठवड्याचा हिशेब धरा' असे म्हणून मांडतात. मनुस्मृतीतही ती आहे.

पण मोजणी आली की चूक आली. १६१२ मध्ये काशीत कमलाकरभट्टांनी, ज्यांचे घराणे मूळचे पैठणचे, 'निर्णयसिंधु' रचला, आणि १७९०च्या सुमारास पंढरपुरात काशीनाथ उपाध्याय यांनी 'धर्मसिंधु' पूर्ण केला. महाराष्ट्रातील व्रतवैकल्यांचे निर्णय दीर्घकाळ या दोन ग्रंथांवरून होत आले. या निबंधपरंपरेत, म्हणजे वचने गोळा करून निर्णय देणाऱ्या ग्रंथांच्या परंपरेत, व्रतभंगाविषयी जे पुराणवचन आधाराला घेतले जाते, त्यात क्रोध, प्रमाद आणि लोभ अशी तीन कारणे दिली आहेत. यांपैकी कोणत्याही कारणाने व्रत मोडल्यास तीन दिवस अन्न घेऊ नये किंवा मुंडन करावे, आणि त्यानंतर पुन्हा व्रतस्थ व्हावे, असा त्याचा आशय आहे. घेतलेले व्रत कायमचे टाकून देणाऱ्याची शास्त्रकारांनी अतिशय कठोर शब्दांत निंदा केली आहे, हे खरे. परंतु मोडणे आणि टाकणे या दोहोंत त्यांनी स्पष्ट भेद केला, आणि मोडल्यावरची शिक्षा अशी आखली की तिला शेवट होता. चौथ्या दिवशी माणूस मोकळा झाला पाहिजे, ही त्यामागची व्यवहारदृष्टी होती. नव्याने संकल्प करतानाही, म्हणजे हातात पाणी घेऊन व्रताचा निश्चय उच्चारतानाही, उच्चारायचे ते त्या दिवसाचे देश आणि काल, तिथी आणि वार. बुडालेल्या दिवसांची यादी त्यात नसते.

याच्या जोडीला सवलतींची दुसरी यादीही होती. पाणी, मुळे, फळे, दूध, हविष्यान्न, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध या आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही, असे महाभारतापासून सांगितले गेले आहे. दुबळ्या, आजारी माणसाला व्रत टिकवता यावे यासाठी ठेवलेली ही फट पुढे बरीच रुंदावली. मुळांत रताळे बसले, मग दक्षिण अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर आलेला बटाटा बसला, त्याच वाटेने शेंगदाणा आणि मिरची आली. साबुदाणा आधी आग्नेय आशियातून येई. दुसऱ्या महायुद्धात ती आयात थांबल्यावर तमिळनाडूतील सेलमच्या परिसरात टॅपिओकाच्या कंदापासून तो बनवण्याचा धंदा उभा राहिला. म्हणजे टावर चौकातील खिचडीच्या मुख्य जिनसांपैकी एकही स्मृतिकारांच्या ओळखीची नव्हती, तरी त्यांच्याच वचनाच्या आधाराने ती उपवासाला चालते. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण लोकांनी उगाच रचलेली नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकांत १०० ग्रॅम साबुदाण्याची ऊर्जा ३५१ किलोकॅलरी, तांदळाची ३४५ आणि शेंगदाण्याची ५६७ दिली आहे. त्यात तूप मिळवले की उपवासाचे ताट साध्या भाताच्या ताटापेक्षा जड होते.

इथे हिशेबाची दुसरी परंपरा ध्यानात घ्यावी लागते. मराठी दफ्तरांत अन्नाची नोंद विपुल आहे, पण ती खर्चाची आहे. रोजच्या जमाखर्चाच्या वहीला रोजकीर्द आणि खातेवार वहीला खतावणी म्हणत, आणि कोठीतून कोणाला किती शिधा, म्हणजे कोरडे धान्य, दिला ते शेर-पावशेरांत लिहिले जाई. तो खाऊन कोण किती फुगला याच्याशी कारकुनाला कर्तव्य नव्हते. शरीराचे वजन तराजूत पडे ते तुलादानाच्या प्रसंगी. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेकाच्या वेळी शिवाजी महाराजांची सुवर्णतुला झाली, तेव्हा सुमारे १६,००० होन लागल्याचे तिथे हजर असलेल्या इंग्रज वकिलाने नोंदवले आहे. तुलेत वजन जितके अधिक तितके दान अधिक, त्यामुळे वजन ही लाजेची गोष्ट नव्हती. विसाव्या शतकात रेल्वे स्थानकांवरील यंत्रांत नाणे टाकले की पुठ्ठ्याच्या तिकिटावर वजन येऊ लागले, तेही पाठीमागे छापलेल्या भविष्यासह, म्हणजे तोवर वजन नशिबाच्याच खात्यात जमा होते.

वजन आणि अन्न यांचा हिशेब एका वहीत आला तो पाश्चात्त्य देशांत. लंडनच्या विल्यम बँटिंगने १८६३ मध्ये स्वतःच्या लठ्ठपणावरची पत्रिका छापली. अमेरिकेत विल्बर ॲटवॉटरने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रथिने व पिष्टमय पदार्थांना ग्रॅममागे चार आणि स्निग्ध पदार्थांना नऊ किलोकॅलरी हे आजही चालणारे गुणक बसवले. आणि १९१८ मध्ये लुलू हंट पीटर्स या डॉक्टर स्त्रीने सामान्य वाचकाला कॅलरी मोजायला शिकवणारे पुस्तक लिहिले. भारतात मात्र कॅलरी आली ती उपासमारीच्या चिंतेतून. निलगिरीतील कुन्नूरच्या प्रयोगशाळेत वॉलेस ॲक्रॉइड यांच्या देखरेखीखाली १९३७ मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका निघाली, ती अपुऱ्या आहाराची उणीव मोजण्यासाठी. हीच संस्था १९५८ मध्ये हैदराबादला गेली, सी. गोपालन व सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये पुस्तिकेला सविस्तर ग्रंथाचे रूप दिले, आणि कमी पडणाऱ्यांसाठी केलेली ही कोष्टके पुढे जास्त खाणाऱ्यांच्या वहीत उतरली. त्याच सुमारास, १९५८ ते १९६२ या काळात, शेर-छटाक जाऊन किलो-ग्रॅम आले. घरात मात्र माप वाटीचेच राहिले, आणि दोन घरांच्या वाट्या कधी सारख्या नसतात. मोराच्या अंड्याने सुटलेला प्रश्न वाटीने पुन्हा उघडा केला, असे म्हणता येईल.

या नव्या वहीने आकडेमोड रोजकीर्दीकडून उचलली आणि अपराधाची भावना व्रताकडून, पण व्रतातली परतण्याची वाट तिच्यात उतरली नाही. त्याचा परिणाम काय होतो हे १९७५ मध्ये पीटर हर्मन आणि डेबोरा मॅक यांच्या प्रयोगात दिसून आले: मिल्कशेक पाजल्यानंतर इतरांनी आइस्क्रीम कमी खाल्ले, पण एरवी खाण्यावर निर्बंध पाळणाऱ्यांनी ते उलट अधिक खाल्ले. 'मोडलेच आहे, तर आता कशाला राखायचे' ही मराठी घरांत उपासाच्या दिवशी चुकून काही तोंडात गेल्यावर ऐकू येणारी भाषा त्यातून बोलते. ॲलन मार्लॅट आणि ज्युडिथ गॉर्डन यांनी १९८५ मध्ये व्यसनमुक्तीच्या संदर्भात एकदा घसरणे आणि पूर्वस्थितीला जाणे यांत भेद केला, आणि पहिल्याचे रूपांतर दुसऱ्यात होते ते मुख्यतः माणूस त्या घसरणीचा जो अर्थ लावतो त्यामुळे, असे दाखवले. हा भेद निबंधकारांच्या मोडणे-टाकणे या भेदाहून फार दूरचा नाही. फरक इतकाच की मार्लॅट यांनी मुंडन सुचवले नाही.

महाराष्ट्रात या प्रश्नाला अलीकडे वेगळी निकड आली आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून चालवलेल्या अभ्यासात भारतीय अर्भके वजनाला हलकी असूनही त्यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असल्याचे आढळले. काट्यावरचा आकडा पुरेसा नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. दुसरीकडे, डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानांवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी लोकप्रिय केलेल्या पद्धतीत दिवसातून दोनदाच आणि प्रत्येक वेळी पंचावन्न मिनिटांच्या आत जेवायचे असते. कॅलरी मोजायच्या नसतात. मराठी समाजाने ही पद्धत इतक्या सहज उचलली याचे एक कारण तिच्या शास्त्रात शोधण्याऐवजी एकभुक्ताच्या सवयीत शोधणे अधिक योग्य ठरेल, कारण इथला नेम घासांपेक्षा वेळांवर चालत आला आहे, आणि चुकलेल्या वेळेनंतर पुढची वेळ आपोआप येते.

उपवासाचा दिवस ठरतो तो तिथीवरून, आणि तिथीच्या जुन्या गणिताची मध्यरेषा उज्जैनमधूनच जाते. इथे सवाई जयसिंहाने अठराव्या शतकात वेधशाळा बांधली, १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांच्या काळात तिची दुरुस्ती झाली, आणि 'सर्वानंदकरण' हा गणितग्रंथ लिहिणारे गोविंद सदाशिव आपटे तिचे अधीक्षक होते. तिथी चंद्राच्या गतीने मोजली जाते आणि दिवस सूर्योदयाने, त्यामुळे वर्षातून अनेकदा एखादी तिथी दोन सूर्योदयांच्या मध्येच सुरू होऊन संपते आणि तिच्या वाट्याला एकही सूर्योदय येत नाही. अशा तिथीपुढे पंचांगात 'क्षय' असे छापलेले असते, आणि पुढच्या ओळीत, नवा आरंभ न करता, त्यापुढची तिथी.